घोड्यांची मिरवणूक वरून पाहू नये

जपानात आल्यावर पहिल्याच सकाळी मला लिदीचा वास आला आणि मी अंथरुणात उठून बसले. लीद, ओलं गवत आणि घोड्याचा घाम, असा मिसळलेला तो वास म्हणजे माझ्या अब्बाच्या सदऱ्याचा वास. अणदूरच्या अलीकडं आमचं गाव आहे. तिथं अब्बाची पांढरी घोडी होती. लग्नसराईत ती वरातीला जायची आणि जत्रेत खंडोबाच्या छबिन्यापुढं, पालखीच्या पुढं, चालायची. घर आमचं मुसलमानाचं, पण छबिन्याला घोडी आमचीच लागायची. आजोबाच्या काळापासून तसंच होतं, त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं.

मी नवऱ्याला हलवलं. म्हटलं, "इथं कुठंतरी घोडं हाय."

"सो जा गे," तो म्हणाला. "जपान है ये."

पण घोडं होतं. आमच्या भाड्याच्या घरामागंच घरमालकाचा तबेला होता आणि त्यात एक उंच, तांबडं घोडं मान बाहेर काढून उभं होतं. मी आयुष्यात एवढं उंच घोडं पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे मात्र आमच्या घोडीसारखेच, भित्रे.

नवरा तंदूरवर काम करतो. नळदुर्गाजवळच्या हायवेवर एका ढाब्यावर भट्टी शिकला, मग सोलापूर, मग पुणं, आणि तिथून एका नेपाळी शेठच्या हॉटेलात इथं. हे गाव फुकुशिमाकडं, समुद्रापासून जवळ आहे. मी त्याच्या मागोमाग आले. माझं शिक्षण सातवी. आठवीला अणदूरला जावं लागायचं, त्याच वर्षी थोरलीचं लग्न झालं आणि घरात हात कमी पडायला लागले. कुणी मारून घरी बसवलं नाही आणि शाळेत जा म्हणून कुणी रडलंही नाही. पण तेव्हापासून एक झालं, की नवं काही समोर आलं की मला आधी धास्ती वाटते. आपल्याला हे येणार नाही, आपलं काहीतरी चुकणार आणि आपल्यापायी घरच्यांना बोल लागणार. परदेशात तर ही धास्ती सकाळी माझ्या आधी उठते. कचऱ्याची पिशवी चुकीच्या वारी बाहेर ठेवली तरी मला व्हिसा गेल्यासारखं वाटायचं.

घरमालक म्हणजे सत्तरीपुढचे एक म्हातारबाबा. बोलणं अगदी कमी. त्यांची चाळिशीची मुलगी त्यांच्याजवळच राहायची, नवरा वारलेला. मी तिला ओनेसान म्हणायचे, म्हणजे आपली ताईच. कुठला कचरा कुठल्या वारी हे तिनंच मला चित्रं काढून शिकवलं. माझी दाढ ठणकली तेव्हा स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टर आतून बोलवेपर्यंत माझा हात धरून बसली. अशा माणसाचं आपण काय करायचं? माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. म्हणून एक दिवस मी फावडं उचललं आणि तबेल्यातली लीद काढायला लागले.

नवरा घाबरला. "कोई देखेगा तो बोलेगा, काम करती. व्हिसा जायेगा."

"लीद काढायला कोण पगार देतं?" मी म्हटलं. "आन् आपल्याकडं तरी कुणी दिला होता?"

अब्बाला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, तर तो खोकला येईपर्यंत हसला. "क्या बेटा, जपान जाके बी लीदच निकालरी?" मग म्हणाला, "जवळ ने जरा. दात दाखव त्याचे." घोड्यानं फोनवर फुरफुरून पाणी उडवलं. अब्बा म्हणाला, "लई उमदं जनावर हाय. पण भ्यालंय कशाला तरी."

अब्बाची घोडी तेव्हा नव्हती. म्हातारी होऊन गेली, आणि दुसरी घ्यावी एवढ्या वराती आता घोड्यावरून निघत नाहीत.

घोडं खरंच भ्यालेलं होतं. ताईनं सांगितलं, की हे शर्यतीचं घोडं, तिथून निवृत्त झालं आणि तिनं घरी आणलं. डोक्याच्या वर काही हललं की ते बिथरायचं. खालची कुत्री, गाड्या, पोरं, कशाचंच त्याला काही नव्हतं. पण वर पतंग दिसला, वाळत घातलेली चादर फडफडली, की चारी पाय गोठायचे आणि मग कुठं पळेल नेम नाही.

आणि हेच घोडं तिला नोमाओईला न्यायचं होतं.

नोमाओई म्हणजे त्या मुलुखातला घोड्यांचा सण. हजार वर्षांची चाल आहे म्हणतात. पूर्वी तिथले सरदार रानात घोडी सोडून, ती हाकत लढाईचा सराव करायचे आणि धरलेली घोडी देवाला वाहायचे. त्याच घराण्यांतली, त्याच गावांतली माणसं आजही मे महिन्याच्या शेवटी चिलखत घालून, पाठीला आपापलं निशाण बांधून घोड्यावर बसतात आणि भर रस्त्यातून देवाबरोबर निघतात. दुकानदार, शेतकरी, कचेरीतले कारकून, सगळे. त्यासाठी वर्षभर घरी घोडं पाळतात. समुद्राची ती मोठी लाट आली आणि अणुभट्टीची भीती पसरली, तेव्हा या लोकांना घरंदारं सोडून जावं लागलं होतं. परत आल्यावर म्हातारबाबांनी घराच्या आधी तबेला नीट केला, असं ताई सांगायची.

बायकांना त्यात वेगळा नियम होता. मुलगी विशीच्या आतली आणि बिनलग्नाची असेल तरच तिनं घोड्यावर बसायचं. ताई लहानपणापासून बसली आणि एकोणिसाव्या वर्षी उतरली. मग वडील जायचे आणि ती घोड्याला खरारा करायची. आता नियम उठला होता. म्हातारबाबांचे गुडघे गेले होते. एवढ्या वर्षांनी ताई परत बसणार होती.

बाबा यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. रोज दुपारी ते ओसरीवर बसून जुन्या चिलखताच्या रेशमी दोऱ्या उसवायचे आणि नव्यानं ओवायचे. ताई त्यांच्याकडं बघायची आणि मग माझ्याकडं बघून खांदे उडवायची.

मे सुरू झाला की तिथं लेकरांसाठी घराघरांवर उंच काठीला कापडाचे मोठे मासे बांधतात. वाऱ्यानं फुगून ते हवेत पोहतात. एका सकाळी ताई सरावाहून परतत असताना असा मासा फडफडला आणि घोड्यानं तिला शेताच्या बांधावर फेकलं. मनगट सुजलं. तिच्या पथकाचा म्होरक्या, पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा माणूस, तिला बघायला आला. त्यानं चहा घेतला, फळं दिली आणि जाताना सांगितलं, "मिरवणुकीत हे घोडं रांग सोडून पळालं, तर तू तिथंच बाजूला व्हायचं. लोकांत लेकरं असतात. आणि मग या घोड्यावर पुन्हा नाही." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी अब्बा असता तरी हेच बोलला असता. पण दुसरं घोडं ठेवायची ताईची ऐपत नव्हती. या घोड्यावर नाही म्हणजे कायमचंच नाही.

त्या दिवसापासून ती तबेल्यात घोड्याच्या डोक्यावरून कधी टॉवेल, कधी छत्री हळूहळू फिरवायची. आणि ते करता करता जुन्या भाषेतली वाक्यं पाठ म्हणायची. मिरवणुकीत स्वार एकमेकांशी आजची बोली बोलत नाहीत, दरबारात अर्ज करावा तशी जुनी भाषा मोठ्यानं बोलतात. कुणी अडखळलं तर लोक हसतात. ती माझ्या फावड्यासमोर उभी राहून मला सरदार समजून अर्ज करायची, आणि मी लिदीच्या ढिगावरून मान डोलवून मंजूर करायचे.

मिरवणुकीच्या सकाळी शंख वाजला. आपल्या देवळात वाजतो तसाच शंख. मी दचकलेच. एवढ्या दूर येऊन तोच आवाज, फक्त जास्त खोल, जमिनीतून आल्यासारखा. ताई अंगणात चिलखत घालून उभी होती. काल माझ्याशेजारी गुडघाभर गवतात हसत बसलेली बाई ती नव्हतीच. काळ्या पट्ट्या, लाल दोऱ्या, कपाळाला पांढरं फडकं, पाठीवर घराण्याचं निशाण. बाबांनी शेवटची गाठ मारली, ओढून बघितली आणि आत निघून गेले. मी वाकले फक्त.

आमचं हॉटेल मिरवणुकीच्या रस्त्यावरच आहे. शेठनं दारात नान-करीचा गाडा लावला होता आणि नवरा भट्टीपुढं घामाघूम होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटीनं बसली होती. समोरच्या बाजूला बाबा घडीच्या खुर्चीत येऊन बसले होते. मला पुढं जागा नव्हती आणि माणसांत घुसायची मला लाज वाटते. हॉटेलच्या अंगाला बाहेरून लोखंडी जिना आहे. मी सरळ वर चढले.

आता हे आपल्याकडच्या वाचकाला फार समजावून सांगायला नको. आमच्याकडं मिरवणूक निघाली की बायका-पोरी माळवदावर जातात. मातीचं सपाट छप्पर, कडेला बुटकी भिंत, तिच्यामागं आम्ही. घोडीला चारा-पाणी आम्ही बहिणींनी केलं, तिच्या शेपटीचे केस आम्ही विंचरले, पण ती रस्त्यावर निघाली की आम्ही वर. वरून घोडीची पाठ दिसायची, झूल दिसायची, अब्बाची टोपी दिसायची. बायका वरून फुलं टाकायच्या, भंडारा उधळायच्या. बायकांची बघायची जागा तीच, आणि अदबीची जागाही तीच. मला दुसरी ठाऊकच नव्हती.

वर कुणीच नव्हतं. समोरच्या सगळ्या घरांच्या वरच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. मला वाटलं, काय हे लोक, एवढा सण आणि खिडकीत कुणी येत नाही!

मग ते आले. मी पाहिलेलं कसं सांगू? आधी शंख, मग टापा, मग निशाणं. एकेक निशाण वेगळं, कुठं सूर्य, कुठं चाक, कुठं नुसती आडवी रेघ, आणि सगळी एका लयीत डुलत होती. चिलखतं एकमेकांना घासून पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज होत होता. म्हातारे स्वार होते, मिसरूड न फुटलेली पोरं होती. कुणी हसत नव्हतं, कुणी फोन बघत नव्हतं. रांगेला शेवटच दिसत नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. मला अब्बा आठवला, त्याची एकुलती एक घोडी आठवली. या माणसाला हे दिसायला पाहिजे होतं, असं वाटलं आणि डोळे भरले.

तेवढ्यात ताईचं घोडं आलं. मी आनंदानं पुढं वाकले. माझी पिवळी ओढणी वाऱ्यानं उडाली आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली फडफडायला लागली.

घोड्यानं वर पाहिलं आणि ते थांबलं. मागचा स्वार थांबला, त्याच्या मागचा थांबला. तांबडं घोडं एक पाय, दोन पाय मागं सरलं, तिरपं झालं, कान सपाट पडले. आणि खालून कुणीतरी गर्जना केली. भाषा मला कळली नाही, पण रस्त्यावरची सगळी तोंडं एकदम माझ्याकडं वळली.

"नीचे उतर गे!" नवरा भट्टीपासून ओरडला. "ऊपरसे नै देखना! नीचे!"

देवाबरोबर चाललेल्या माणसांकडं वरून बघायचं नसतं. हे तिथं लहान लेकरालाही माहीत असतं, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. माळवदावर आम्ही जे अदबीनं करायचो, तेच तिथं सगळ्यांत मोठी बेअदबी होती.

मी ओढणी छातीशी गोळा केली आणि कशी उतरले मला आठवत नाही. खाली लोकांनी वाट दिली. मी रस्त्याच्या कडेला, अगदी पहिल्या रांगेत, गुडघ्यावर बसले. व्हिसा, नवऱ्याची नोकरी, शेठ, काही काही मनात आलं नाही, हे मी खरं सांगते. एवढंच आलं, की घोडं आता पळणार, आणि ताईचं सगळं माझ्या ओढणीनं जाणार.

घोडं पळालं नाही. त्याचं सगळं अंग कापत होतं, कातड्याखाली पाणी उकळावं तसं. ताई वर अगदी सरळ बसली होती. तिचे ओठ तेवढे हलत होते. एवढी माणसं, पण लेकरू रडल्याचाही आवाज नव्हता.

मागून एक स्वार घोडा फेकत आला आणि म्होरक्यापुढं थांबून मोठ्यानं बोलला. तो काय बोलला ते ताईनं नंतर मला नक्कल करून सांगितलं. "अर्ज आहे! रांग खोळंबली आहे. परमुलखातली एक स्त्री, रिवाज ठाऊक नसल्यानं, उंच जागी उभी होती. ती आता उतरली आहे!"

"उतरली?" म्होरक्या म्हणाला. "मग तिचं काही नाही. घोड्याचं काय?"

सगळ्यांनी ताईकडं पाहिलं. समोर बाबा खुर्चीच्या अगदी काठावर आले होते, पण उठले नाहीत.

"अर्ज आहे," ताई म्हणाली. आवाज तिचाच, पण मोठा, घंटेसारखा. एक शब्द अडखळला नाही. "घोडं माझ्या हातात आहे. रांगेत यायची परवानगी असावी."

म्होरक्या घोड्याकडं बघत राहिला. घोड्याचा एक कान हळूच वर आला, मग दुसरा. म्होरक्यानं नाकातून मोठा श्वास सोडला. "घोडं मागं सरलं," तो म्हणाला. "पळालं नाही. या."

आणि ती माझ्यासमोरून गेली. मी तबेल्यात त्या घोड्याशेजारी रोज उभी राहत होते, पण असं मी घोडं कधी पाहिलं नव्हतं. कुठलंच. रस्त्याच्या पातळीवरून, खालून. टापेचा हादरा माझ्या गुडघ्यांत चढला. घोड्याच्या तोंडाचा फेस माझ्या हातावर पडला. त्याच्या पोटाचा घामट ऊबदार वारा लागला, आणि वर, खूप वर, आभाळाला टेकलेलं ते निशाण, आणि त्याखाली एक बाई. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. स्वारानं बाजूला बघायचं नसतं. मला वाटलं, आपण एवढी वर्षं पाठी आणि टोप्याच बघितल्या. मिरवणुकीला तोंड असतं, ते खालून दिसतं. ती पुढं गेली, आणि मागचे स्वार येत राहिले, येत राहिले, आणि मी तिथंच बसून राहिले. धुळीत. कुणी मला उठ म्हणालं नाही.

संध्याकाळी आम्ही माफी मागायला गेलो. तिथं माफी मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत, गोडाचा डबा नेतात. खवा कुठून आणणार? मी दुधाच्या पावडरीचे गुलाबजाम केले, थोडे चिरले, तरी तेच नेले. नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि रस्ताभर मला बोलला. "मंडे को शेठ क्या बोलेगा? तेरा देखना हो गया, मेरा तंदूर ठंडा." पण दारात पोचल्यावर तो माझ्याआधी एवढा खाली वाकला, की मला त्याची दया आली.

बाबांनी डबा घेतला आणि आम्हाला आत बसवलं. ताई भिंतीला टेकून झोपली होती. चिलखत काढलेलं, पण पायांच्या पट्ट्या तशाच. आमच्या आवाजानं जागी झाली आणि माझं तोंड बघून हसतच सुटली. मग तिनं बसल्याबसल्या त्या निरोप्या स्वाराची नक्कल केली, "परमुलखातली एक स्त्री!" आणि मी रडत होते तरी मला हसू आलं.

"लई चुकलं माझं," मी मराठीतच म्हणाले. नंतर जपानीत सांगितलं.

ती म्हणाली, "तू खाली आलीस ना. मी बघितलं. म्हणून मलाही धीर आला."

"तू तर बघितलंच नाहीस!"

"स्वार बघतात," ती म्हणाली. "मान न वळवता."

बाबांनी एक गुलाबजाम तोंडात टाकला आणि डोळे मिटले. फार गोड लागला असणार. मग लेकीकडं न बघता म्हणाले, "घोडं थांबलं तेव्हा तू डावा लगाम ओढलास."

ताईचं हसणं थांबलं. "हो."

"ओढायचा नव्हता. तोंडात दुखलं त्याच्या."

"हो, बाबा."

"पुढच्या वर्षी ओढू नको."

ताई खाली वाकून पायाच्या पट्टीची गाठ सोडायला लागली, आणि ती गाठ काही केल्या तिला सुटेना. मी पुढं सरकले आणि सोडून दिली.